सहाव्या पानावरची खूण

जर्मनीहून परतल्यापासून बायका मला तीनच गोष्टी विचारतात. थंडी किती होती, खायला काय मिळालं, आणि आमचे रायसिंग कारभारी विमानात घाबरले का. थंडी भरपूर होती. खायला पुष्कळ मिळालं, त्यातल्या निम्म्याचं नाव अजून कळलेलं नाही. कारभारी विमानात बसल्या बसल्या झोपले. घाबरले होते ती मी, आणि विमानाला नव्हे. कशाला, ते सांगायचं तर जरा मागून यावं लागेल.

मी नऊ वर्षं बालकल्याण समितीत होते. समिती बसते जिल्ह्याच्या गावी, आणि पाडे वर सातपुड्यात, धडगावच्याही पलीकडे. बाप मेला, आईनं दुसरं घर केलं, की पोर कोणाकडे राहायचं ते पाड्यावर पंच ठरवतात. मग वर्षभरानं समितीला कळतं आणि समिती कागदावर वेगळंच ठरवते. पोर मधल्या मध्ये लोंबकळतं. या दोन न्यायांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आमची एक लहानशी संस्था खटपट करते. पंचांत बाया बसवायच्या, निर्णय लिहून समितीला कळवायचा, आणि दर महिन्याला कोणीतरी डोंगर चढून त्या घरी पोर कसं आहे ते बघून यायचं. एवढंच काम. त्यासाठी हायडेलबर्गच्या एका फाउंडेशनकडे तीन वर्षांचं अनुदान मागितलं होतं. आमचा अर्ज शेवटच्या चारांत आला आणि त्यांनी कळवलं, या, समोर बसून बोलू.

घाई होती ती सुंगीमुळे. सुंगी सहा वर्षांची. पंचांनी तिला मावशीकडे ठेवली होती. समितीचं म्हणणं होतं की दरमहा जाऊन बघणारं कोणी असेल तर मावशीकडे राहू दे, नसेल तर शहरातल्या बालगृहात पाठवू. आम्ही परत येईपर्यंत त्यांनी निर्णय थांबवला होता. अनुदान मिळालं तर बघणारं माणूस मिळणार, नाही मिळालं तर सुंगीची पेटी भरायची. हे ओझं घेऊन मी निघाले, आणि सोबत पंचांचे मुख्य, रायसिंग कारभारी. वय विचारलं तर म्हणतात, "बाईएवढंच." मला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करतात. कलेक्टरलाही अरे म्हणतात, त्यामुळे मला राग नाही.

झिंडेलफिंगेन, शनिवार

माझी लेक मृणाल इथे राहते. जावई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, नात ईरा आठ वर्षांची. ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. कारभाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते तिच्याशी पावरी बोलीत बोलायला लागले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि अर्ध्या तासात दोघं बाल्कनीत बसून वाटाणे सोलत होती.

संध्याकाळी सगळे बसने गावात गेलो. ईरा टोपी घालेना. मी आपली घरच्या सवयीनं तिचा दंड धरला आणि दोन शब्द सुनावले. जरा आवाजात. बस एकदम गप्प झाली. समोरच्या बाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या.

"आई, हात सोड," मृणाल ओठ न हलवता म्हणाली.

घरी आल्यावर तिनं सांगितलं की इथे युगेंडआम्ट नावाचं मुलांचं सरकारी ऑफिस असतं, कोणी कळवलं तर माणसं घरी विचारायला येतात. तसं काही होणार नाही, पण इथल्या आपल्या सगळ्या घरांत ती धास्ती असतेच. सांगताना तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी विचारलं, कसली धास्ती? मी समजावून सांगितलं. ते खूप वेळ हसले.

"म्हणजे ही तूच की गं, बाई. डोंगरावर तुझी जीप दिसली की आमच्या बाया पोरांची नाकं पुसायच्या."

मीही हसले. पण नऊ वर्षं मी ज्या दारांवर टकटक केली, त्या दारांच्या आतली बाजू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

झिंडेलफिंगेन, रविवार

सकाळी मी लसूण-मिरची खलबत्त्यात कुटायला घेतली. पाचव्या ठोक्याला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. अत्यंत सभ्य माणूस. आज रविवार आहे, रूहेत्साइट आहे, एवढंच म्हणाले आणि गेले. म्हणजे शांततेची वेळ. रविवारी इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत. मी चिडले, कारभारी मात्र खूश. आमच्यातही सणाला नांगर धरत नाहीत, म्हणाले, ही माणसं शहाणी दिसतात. मग चटणी मी हातानं चुरून केली. बरी झाली नाही.

दुपारी मृणालनं फाउंडेशनचं पत्र छापून आणलं. कोण कोण बसणार, कशावर बोलणार. पहिल्या ओळीला तिचं बोट थांबलं. निवृत्त कौटुंबिक न्यायाधीश फ्राउ हॉलवेग विचारतील, अर्जाचं पान सहा.

सहाव्या पानावर काय आहे, हे जगात मला एकटीला ठाऊक होतं.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. सहाव्या पानावर प्रश्न होता, निर्णयाआधी मुलाचं मत विचारून नोंदवता का? हो किंवा नाही. आमचे पंच पोराला विचारत नाहीत, ती त्यांची पद्धतच आहे. मी 'नाही'वर खूण केली. लाल अक्षरं आली आणि पुढचं पान उघडेना. पुन्हा केली, पुन्हा लाल. संध्याकाळी मुदत संपत होती. मग मी 'हो'वर खूण केली आणि पान लोण्यासारखं सरकलं. मनाला समजावलं की पंच पोराकडे लक्ष ठेवून असतात, म्हणजे एका अर्थी विचारतातच. सत्तरीला टेकलेल्या बाईला मनाची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

मृणालला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, कारभारीकाकांना सांगून ठेव. विचारलं तर हो म्हणायचं, संपलं."

मी तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा ते दाढी करत होते. दुसऱ्यांदा ईराला गोफण कशी धरायची ते दाखवत होते. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मी विचारलं, चहा घेणार का.

म्युलाकर आणि पुढे, सोमवार

अकराला हायडेलबर्गला पोहोचायचं होतं. हातात तासभर जास्तीचा घेऊन निघालो होतो. जर्मनीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथली गाडी मध्येच दुभंगते. म्युलाकर नावाच्या स्टेशनात पुढचे डबे एका गावाला गेले आणि मागचे दुसऱ्या. आम्ही चुकीच्या अर्ध्यात होतो. मृणाल सात वर्षं इथे राहते, पण जाते ती कायम स्वतःच्या गाडीने. डब्यावर पाटी होती, आम्ही तिघांनी ती पाहिली होती आणि तिघांनीही ती दुसऱ्यासाठी आहे असं धरलं होतं.

फोर्त्सहाइमच्या फलाटावर उतरलो. मृणाल मोबाईलवर पुढची गाडी शोधत येरझाऱ्या घालत होती. जास्तीचा तास संपल्यात जमा होता. कारभारी बाकावर बसले, धोतर गुडघ्यात दाबून, आणि थंडीत शांतपणे ब्रेझेल खात होते. ही गाठ मारलेली खारी भाकर त्यांना फार आवडली होती. एका बाजूनं सोडवत सोडवत खायचे.

मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लाल अक्षरं, मुदत, खूण. म्हटलं, त्या बाई तुम्हाला विचारतील. तुम्ही हो म्हणालात तर अनुदान मिळेल, सुंगी मावशीकडे राहील. नाही म्हणालात तर मी खोटी ठरेन आणि सगळं जाईल.

त्यांनी उरलेला ब्रेझेल कागदात गुंडाळला.

"तू तेव्हाही घाईतच होतीस," एवढं म्हणाले.

तेव्हा म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. पुढे गाडीत दीड तास ते खिडकीबाहेर बघत होते. उतारावर द्राक्षाचे मळे, एकेक रांग रुळासारखी सरळ. कारभारी बोलले असते तर मी म्हटलं असतं, बघा, आपल्या डोंगरासारखंच. हो म्हणणार की नाही, हे मला कळेना, आणि आणखी एकदा विचारायची हिंमत होईना.

हायडेलबर्ग

हायडेलबर्गबद्दल वाचकांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. लाल दगडाचा किल्ला, नदीवरचा जुना पूल, विद्यार्थ्यांच्या सायकली. मी हे सगळं टॅक्सीच्या काचेतून, घड्याळाकडे बघत पाहिलं. अकराला चार मिनिटं कमी असताना आम्ही त्या टेकडीवरच्या घराची पायरी चढलो.

लांब टेबल, पाच माणसं, मध्ये पाण्याच्या बाटल्या. कारभाऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि चमकून पेला खाली ठेवला. त्या पाण्यात बुडबुडे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, उकळतंय पण गार कसं? एरवी मी हसून लोळले असते.

आम्ही धडगावच्या आमचुराची पुडी भेट म्हणून नेली होती. फ्राउ हॉलवेग यांनी ती हुंगली, बोट लावून चाखली आणि डोळे मिटले. उंच, बारीक, पांढऱ्या केसांची बाई. माझ्याच वयाची. चष्मा लावून तिनं पान सहा उघडलं. माझ्या खुणेला पेन्सिलीनं गोल केलेला होता.

तिनं प्रश्न कारभाऱ्यांनाच विचारला. मृणालनं मराठी केलं: "तुमच्या पंचायतीत मुलाला कसं विचारता? कोण विचारतं, कुठे, कोणासमोर?"

कारभाऱ्यांनी पागोटं सारखं केलं. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तू बोल. आमच्यात ज्याच्या हातून झालं तो आधी बोलतो. नंतर पंच."

मृणालनं हे जर्मनमध्ये सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ती अजूनही काहीतरी गोड, गुळगुळीत बोलू शकली असती, तिथल्या कोणाला कळलं नसतं. तिच्या डोळ्यांत ते होतंही. माझी सुटका तिच्या जिभेवर होती आणि मी एक शब्द बोलायचा अवकाश होता.

मी म्हटलं, "जसंच्या तसं सांग. आणि आता मी बोलेन तेही."

मग मी सांगितलं. समिती नवीन होती तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. वय पंचेचाळीस, अक्कल पंधरा, आणि तोरा साठ वर्षांच्या न्यायमूर्तीचा. खादीची साडी, काखेत फाइल, ओठांवर कायदा. जीपमधून उतरले की मी आधी पाड्यावरच्या लोकांकडे नव्हे, घड्याळाकडे बघायचे. पोरांचं मत कोणी विचारत नाही म्हणून मी या कारभाऱ्यांना भर सभेत रानटी म्हटलं होतं. आणि त्यांना धडा द्यायला जामी नावाच्या आठ वर्षांच्या पोरीला मोहाच्या झाडाखाली, चाळीस माणसांसमोर उभी केली. एका बाजूला तिची आजी, बापाची आई. दुसऱ्या बाजूला मामा. मी विचारलं, सांग बाळ, तुला कोणाकडे राहायचंय, घाबरू नकोस. पोरीनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि मामाकडे बोट केलं. आजी डोक्यावरून पदर ओढून निघून गेली. त्याच हिवाळ्यात ती वारली. आजीच्या मातीला जामीला न्यायला कोणी आलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती पोर बोलतच नव्हती. आपण बोट दाखवलं म्हणून आजी मेली, असं तिनं धरलं होतं.

"आणि माझ्या अहवालात हे यश म्हणून लिहिलेलं आहे," मी म्हटलं. "वाक्य अजून पाठ आहे. बालिकेने निर्भयपणे आपले मत मांडले. आता जामीच्या दारावरून जाते तेव्हा ती मला पाणी देते. बोलत नाही. सहाव्या पानावरची खूण मी केलीय. ती खोटी आहे. हे विचारत नाहीत. का विचारत नाहीत, ते मला तेव्हापासून ठाऊक होतं, तरी केली."

मृणालनं जामीची गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. आजीच्या पदरापाशी तिचं जर्मन थांबलं. तिनं त्या उकळत्या गार पाण्याचे दोन घोट घेतले आणि पुढचं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

फ्राउ हॉलवेग बराच वेळ लिहीत होत्या. मग कारभाऱ्यांना विचारलं, मग तुम्हाला कळतं कसं?

आता कारभारी बोलले. अगदी सावकाश, मृणालला वेळ देत.

"पोर मोकळं सोडतो. बघतो. भूक लागली की कोणाच्या चुलीपाशी जातं. पडलं तर कोणाच्या नावानं रडतं. पंधरा दिवस लागतात, कधी पावसाळा जातो. मग पंच सांगतात, आम्ही ठरवलं. कोणाला राग आला तर पंचांचा येऊ दे. पोराचा नको."

"आणि ते कोणाच्याच चुलीपाशी गेलं नाही तर?"

"मग पंचाच्या घरी. माझ्याकडे दोन वाढले."

फ्राउ हॉलवेग म्हणाल्या, आम्ही विचारतो. कोर्टासमोर नाही, बंद खोलीत, खेळणी ठेवून, एकटीनं. इतकी वर्षं विचारत आले. तरीही पुष्कळ मुलं उत्तर देण्याआधी दाराकडे बघायची, बाहेर कोण उभं आहे म्हणून.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तिनं चष्मा काढला. अर्जात खोटं उत्तर असेल तर अर्ज बाद, म्हणाली. नियम आहे, आणि तो नियम मीच लिहिलाय. तिनं पानं गोळा केली आणि पालथी ठेवली.

मी सुंगीच्या पेटीचा विचार करत होते. पत्र्याची, निळी. मावशीनं दाखवली होती.

फ्राउ हॉलवेग उठल्या नव्हत्या. आमची निवड समिती उद्या दुपारी बारापर्यंत बसणार आहे, त्या म्हणाल्या. तोपर्यंत नवा अर्ज आला तर तो नवा अर्ज. कॉम्प्युटर 'नाही' घेत नसेल तर कागदावर पाठवा, तो दोष आमचा. पण पान सहा या बाईंनी स्वतःच्या मनानं लिहायचं नाही. या गृहस्थांनी सांगायचं.

"गेनाऊ," कारभारी म्हणाले. म्हणजे 'अगदी तसंच'. दोन दिवसांत ईराकडून एवढं शिकले होते. बरोबर जागी वापरलं.

पुन्हा झिंडेलफिंगेन

परतताना योग्य डब्यात बसलो. तिघांनी तीनदा पाटी वाचली.

दुपारभर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. कारभारी सांगत होते, मी लिहीत होते, मृणाल जर्मन करत होती. आयुष्यभर अहवाल लिहिलेली बाई मी, आणि मला लिहिता येत नाही हे त्या दुपारी सिद्ध झालं. दर वाक्य ते परत वाचून घ्यायचे.

"पंच संवेदनशीलपणे निरीक्षण करतात," मी वाचलं.

"संवेदनशील म्हणजे काय?"

"म्हणजे... नीट."

"मग नीट लिही."

मी खोडलं. मृणाल मान खाली घालून हसत होती. असे माझे अकरा शब्द गेले, सगळे माझे लाडके. चूक झाली तर काय करता, या प्रश्नाला मी 'पुनर्विचार यंत्रणा' लिहिणार होते. कारभाऱ्यांनी सांगितलं, चूक होते, झाली आहे, दोनदा. ती दोन पोरंही त्यांनी सांगितली, नावं न घेता. मी म्हटलं, हे लिहिलं तर ते देणार नाहीत. ते मी लिहीपर्यंत टेबलावर बोट ठेवून बसले.

शेवटी पानाच्या वर मी दोन चौकोन काढले, हो आणि नाही. पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी 'नाही'मध्ये खूण केली. इतकी दाबून, की खालच्या कागदावर उमटली. मंगळवारी साडेनऊला मृणालनं ती पानं स्कॅन करून मेलनं पाठवली. आम्ही निघालो तेव्हा ईरानं कारभाऱ्यांना वाटेसाठी ब्रेझेल दिला आणि काहीतरी मराठीत म्हणाली. काय, ते ते सांगत नाहीत.

धडगाव

पत्र यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात समितीकडून दोनदा विचारणा झाली, सुंगीचं काय. मी दोनदा मुदत मागितली. दुसऱ्यांदा त्यांनी शेवटची दिली.

पत्र आलं ते मी कारभाऱ्यांच्या ओट्यावर वाचलं. तीन वर्षांचं मागितलं होतं, एका वर्षाचं मिळालं. पुढचं पाहून ठरवणार. पाहायला फ्राउ हॉलवेग स्वतः येणार, आणि पंधरा दिवस पाड्यावर राहणार. एका वर्षात एका माणसाला बारा वेळा डोंगर चढता येतो. समितीनं तेवढ्यावर मान्य केलं. सुंगीची निळी पेटी मावशीनं धान्य ठेवायला घेतली.

त्या पंधरा दिवसांसाठी मी लगेच यादी करायला बसले. झोपायला खाट, उकळलेलं पाणी, तिच्याशी बोलायला चार घरं, सुंगीची भेट.

कारभाऱ्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"येऊ दे तिला," ते म्हणाले. "ओट्यावर बसू दे, बघू दे. पण तिला आधीच कळव, बाई. पोरीला काही विचारायचं नाही."